मुका मार



आपल्या अलिबाग-मुरुड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरची मुले क्रिकेट खेळतात ती समुद्राच्या परवानगीने. ओहोटी लागली, ओली वाळू घट्ट झाली, की आक्षी-नागावच्या पुळणीवर यष्ट्या रोवल्या जातात. भरतीचे पाणी यष्ट्यांना लागले की डाव मोडतो. कोणाला किती धावा हव्या होत्या, कोण किती रंगात आला होता, याची समुद्राला पर्वा नसते. आणि गंमत अशी, की एरवी एका धावेसाठी हमरीतुमरीवर येणारी ही मुले समुद्राशी मात्र भांडत नाहीत. बॅट खांद्यावर टाकतात आणि मुकाट्याने घरी जातात.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते अशाच अर्ध्यावर मोडलेल्या डावांविषयी. हे डाव मात्र भरतीने मोडलेले नाहीत. डोक्याला बसलेल्या माराने मोडले आहेत. आपला आवडता खेळाडू ऐन उमेदीत, डोक्याच्या दुखापतीमुळे खेळ सोडतो, तेव्हा त्याच्यावर जीव टाकणारे आपण प्रेक्षक काय करतो? आणि खरे म्हणजे काय करायला हवे?

आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे : मुका मार. रक्त नाही, जखम नाही, पण आत ठणका लागलेला आहे. पायाला किंवा पाठीला मुका मार लागला तर आपण आंबेहळद उगाळून लावतो. मेंदूलाही मुका मार बसतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. नारळ सुकला की आतला गोटा सुटतो आणि हलवला की करवंटीवर आपटतो, हे आपल्याकडे पोरसुद्धा जाणते. मेंदू काही तितका सुटा नसतो; पण तोही कवटीत एका द्रवात तरंगता असतो. डोक्याला जोराचा हिसका बसला की तो आतल्या आत हादरतो. वरून टेंगूळसुद्धा येत नाही. माणूस बेशुद्ध पडतोच असेही नाही. डोक्याचे छायाचित्र काढले तर त्यात बहुधा काहीच दिसत नाही. आणि तरीही डोके दुखते, मळमळते, उजेड सोसत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही. मार मुका असतो, म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी बोलावे लागते.

डोक्याच्या दुखापतीने मोडलेल्या डावाचे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण १९६२ सालचे आहे. नरी कॉन्ट्रॅक्टर हे त्या वेळी भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार होते. डावखुरे सलामीचे फलंदाज, वय अवघे २८. १९६१-६२च्या मोसमात त्यांच्या संघाने इंग्लंडला २-० असे हरवले होते. इंग्लंडविरुद्ध भारताने जिंकलेली ती पहिलीच कसोटी मालिका. साऱ्या देशाने ज्याला डोक्यावर घेतले असा हा कर्णधार लगेच संघ घेऊन वेस्ट इंडिजला गेला. मार्च १९६२मध्ये ब्रिजटाऊन येथे बार्बाडोस संघाशी सामना होता. चार्ली ग्रिफिथ या वेगवान गोलंदाजाचा उसळता चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला. त्या काळी फलंदाजाच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे. हा मार मुका नव्हता; कवटीलाच इजा झाली होती. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. सहा दिवस ते बेशुद्ध होते.

त्यांना रक्त हवे होते. ते देणाऱ्यांत पुण्याचे चंदू बोर्डे होते, नाशिकचे बापू नाडकर्णी होते, सोलापूरला जन्मलेले पॉली उम्रीगर होते. पण या सर्वांबरोबर आणखी एक हात पुढे आला होता. तो होता वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांचा. प्रतिपक्षाचा कर्णधार, पण त्याने आपले रक्त दिले. त्याची आठवण म्हणून बंगालची क्रिकेट संघटना १९८१पासून ३ फेब्रुवारीला वॉरेल यांच्या नावाने रक्तदान शिबिर भरवीत आली आहे. खेळाडूवरचे प्रेम असेही दाखवता येते, हे आपण लक्षात ठेवू.

आता प्रेक्षकांकडे वळू. अशा प्रसंगी आपली पहिली प्रतिक्रिया असते ती रागाची. कोणीतरी अपराधी सापडला पाहिजे! ग्रिफिथविरुद्ध बोलायला निमित्तही होते, कारण त्याच सामन्यात पुढे पंचांनी त्याचा एक चेंडू फेकी म्हणून नोबॉल ठरवला. पण ज्याचे डोके फुटले तो माणूस काय म्हणत आला? कॉन्ट्रॅक्टर यांनी गोलंदाजाला कधीच बोल लावला नाही. ऐन चेंडू पडताना प्रेक्षागृहातली एक खिडकी उघडली गेली आणि आपले लक्ष ढळले, असेच ते सांगत आले. जो सोसतो तो रागावत नाही आणि जे पाहतात ते रागावतात, असे बरेचदा होते.

दुसरी प्रतिक्रिया आशेची. ‘बरा होईल, परत येईल, पुन्हा खेळेल.’ कॉन्ट्रॅक्टर खरोखरच परत आले. १९६३-६४पासून पुन्हा प्रथम श्रेणीचे सामने खेळले, आणि ते थेट १९७०-७१पर्यंत. पुन्हा कसोटी खेळावी ही त्यांची स्वतःचीही इच्छा होती. पण ती संधी पुढे मिळाली नाही. ३१ कसोटी सामने, १६११ धावा आणि एक शतक, एवढ्यावर तो डाव थांबला. त्यांच्या डोक्यात धातूची एक पट्टी बसवलेली होती. ती काढली केव्हा, ठाऊक आहे? २०२२ साली, मुंबईत, त्यांच्या वयाच्या ८८व्या वर्षी! आपल्या लेखी ती दुखापत एका दुपारची बातमी होती. ज्याला लागले त्याने ती साठ वर्षे डोक्यात वागवली.

तिसरी प्रतिक्रिया मात्र विषारी असते. ती संशयाची. जखम दिसत नाही, पट्टी बांधलेली नाही, माणूस चालतो-बोलतो आहे. मग हा खेळत का नाही? घाबरला की काय? येथे आपल्या कौतुकाच्या सवयीही आड येतात. हेच कॉन्ट्रॅक्टर १९५९ साली लॉर्ड्सवर बरगडी मोडली असताना खेळत राहिले आणि त्यांनी ८१ धावा काढल्या. त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण बरगडीचा न्याय मेंदूला लावून चालत नाही. मोडलेली बरगडी प्रत्येक श्वासाला ओरडून सांगते. हादरलेला मेंदू सांगत नाही. उलट ‘मी ठीक आहे’ असे खोटेच सांगतो. कारण ज्याने उत्तर द्यायचे, तोच दुखावलेला असतो.

दोन प्रसंग सांगतो. १९९८ साली ढाक्यात आपले रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणाला उभे होते. दोन-तीन चेंडूच तर राहिलेत, म्हणून त्यांनी शिरस्त्राण घातले नाही. फटका कपाळाच्या बाजूला बसला. ते उठले आणि स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. थोड्याच वेळात प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी ते गेले. दुसरा प्रसंग ऑगस्ट २०१९चा. लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथ यांना मानेवर चेंडू लागला. तपासणी झाली, तीत ते उत्तीर्ण झाले, पाऊण तासाने परत येऊन खेळले आणि ९२ धावांवर बाद झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मेंदूच्या हादऱ्याची लक्षणे दिसू लागली. त्यांच्या जागी मार्नस लाबुशेन आले. अशा दुखापतीसाठी बदली खेळाडू घेण्याचा नियम त्याच महिन्यात लागू झाला होता, आणि कसोटीच्या इतिहासातला असा पहिला बदली खेळाडू तो हाच. तज्ज्ञांच्या तपासणीतूनही जे निसटते, ते आपल्या ‘काही नाही रे, ऊठ’मधून किती निसटत असेल, याचा विचार करा.

जानेवारी २०२१मध्ये सिडनीला भारताविरुद्ध विल पुकोव्स्की हा तरुण ऑस्ट्रेलियाकडून पहिली कसोटी खेळला. पहिल्या डावात ६२ धावा. पुढे हा मोठा फलंदाज होणार, असे सगळे म्हणत होते. पण लहानपणापासून त्याच्या डोक्याला एकामागून एक मार बसले होते. मार्च २०२४मध्ये आणखी एक चेंडू बसला. डोकेदुखी, थकवा, मळमळ काही हटेना. एप्रिल २०२५मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, त्याने रेडिओवरूनच सांगितले की आपण आता खेळणार नाही. ती सिडनीची कसोटी त्याची पहिली आणि तीच शेवटची ठरली. फुटबॉलमध्येही तसेच. इंग्लंडचा रायन मेसन जानेवारी २०१७मध्ये चेंडू डोक्याने मारायला उसळला, दुसऱ्या खेळाडूच्या डोक्याशी टक्कर झाली आणि त्याची कवटी फुटली. वर्षभर त्याने परतण्याची खटपट केली. अखेर वैद्यांचा सल्ला मानून फेब्रुवारी २०१८मध्ये, २६व्या वर्षी, तो थांबला. पण तो संपला नाही, बरं का. २०२१ साली टॉटनहॅम या मोठ्या संघाची तात्पुरती धुरा त्याच्याकडे प्रशिक्षक म्हणून आली. खेळणे थांबले तरी खेळाशी असलेले नाते तुटत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सारे मोठ्यांचे खेळ आणि मोठ्यांची दुखणी. आमच्या पेण-रोहे-अलिबागकडे याचे काय? आपल्याकडे कबड्डी आहे. रात्री दिव्यांच्या उजेडात, लाल मातीवर, सारा गाव भोवती दाटलेला. चढाईला गेलेल्या पोराची पकड होते, त्याचे डोके कोणाच्या तरी गुडघ्यावर आपटते. पोरगा क्षणभर भांबावतो. आणि गर्दीतून आरोळी येते, ‘अरे, ऊठ! बांगड्या भरल्यास काय?’ कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी कांदा हुंगवतो. पोरगा उठतो. टाळ्या पडतात. पुढची चढाई त्याचीच! मंडळी, ती टाळी कौतुकाची वाटते. पण ती त्या पोराच्या डोक्याशी खेळलेला जुगार असते. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर तो फार महागात पडू शकतो. क्वचित जिवावरही बेतते. तान्हे पोर पडले की आपण म्हणतो, ‘बघ, मुंगी मेली!’ ते समजुतीचे बोल अंगणात शोभतात. मैदानावर शोभत नाहीत.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती. शाळेत विद्यार्थ्याच्या डोक्याला मार बसला, तर त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला. यात तडजोड नाही. मग तो अंतिम सामना का असेना. त्याला विचारा, ‘आपण कुठे आहोत? समोर कोणता संघ आहे? शेवटचा गुण कोणी घेतला?’ उत्तरे गडबडली तर शंका घ्या. उत्तरे बरोबर आली तरी त्याला खेळात परत पाठवू नका, एकटा सोडू नका, सायकलवरून एकटा घरी धाडू नका. घरी निरोप द्या आणि डॉक्टरांना दाखवा. उलट्या होऊ लागल्या, डोकेदुखी वाढत गेली, गुंगी आली, बोलणे अडखळले, हातापायातली ताकद गेली, आकडी आली किंवा नाका-कानातून पाणी-रक्त आले, तर घटकाभरही थांबू नका. १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. मान दुखत असेल तर त्याला उगाच उचलू-हलवू नका.

पुढचे एक-दोन दिवस त्याला विसावा हवा. मग हळूहळू चालणे-फिरणे, थोडे वाचन, थोडा वेळ शाळा. लक्षणे वाढली नाहीत तर पुढची पायरी. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच चढाई आणि पकड. बहुतेक मुले काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. घाबरून जायचे कारण नाही. मात्र त्या आठवड्यांत हा मुलगा वर्गात शून्यात बघत बसला, पाढा विसरला, चिडचिड करू लागला, तर छडीकडे हात जाऊ देऊ नका. तो आळशी झालेला नाही. आतला मार अजून बरा व्हायचा आहे, एवढेच.

आणि प्रेक्षकहो, तुमचे काम सोपे आहे, आणि तेच सर्वांत मोठे आहे. पोर जखमी होऊन परत खेळायला येते तेव्हा आपण टाळी देतो. ते खेळ थांबवून बाहेर जाते, तेव्हाही तितकीच मोठी टाळी द्या. ज्या मुलाला ठाऊक असेल की बाहेर बसलो तरी आपली पत जाणार नाही, तोच खरे सांगेल, ‘सर, मला गरगरतंय.’ हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघणे, हाच मुक्या माराला फुटलेला कंठ.

आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याचे लक्षण पाहून तांडेलाने होडी मागे फिरवली, तर त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. मासळी उद्या मिळेल, माणसे आज घरी आली पाहिजेत, हे घरची बायामाणसेही जाणतात. तेवढेच शहाणपण आपण मैदानावर नेऊ. भरती आली की पुळणीवरचा डाव मोडतो. डोक्याला लागले की तसाच मोडू दे. उद्या पुन्हा ओहोटी आहे.