अडुळसा : कुंपणावरचे औषध
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या मालेत साहित्य आणि संगीत यांवर अधिकारी वक्ते बोलले. मी वैद्य नव्हे, वनस्पतिशास्त्रज्ञही नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारचा सेवक. परंतु बदलीच्या निमित्ताने जेथे जेथे बिऱ्हाड हलले, तेथे एक झुडूप ओळखीचे भेटत गेले. ते म्हणजे अडुळसा.

पुरुषभर उंचीचे हे सदाहरित झुडूप. पाने समोरासमोर, लांबट आणि टोकदार. फुले पांढरी, आत जांभळट रेषा असलेली. फुलाचा आकार जबडा उघडलेल्या सिंहासारखा, म्हणून संस्कृतात त्याला ‘सिंहास्य’ म्हटले. वासा आणि वृष ही त्याची आणखी नावे. बंगालमध्ये तो ‘बासक’, हिमाचलात ‘बसूटी’, तर तमिळनाडूत ‘आडातोडै’ होतो. शेळी ज्याला तोंड लावीत नाही ते, असा या तमिळ नावाचा अर्थ सांगतात. कडवटपणामुळे गुरे त्याच्या वाटेस जात नाहीत. म्हणूनच तो कुंपणाला उत्तम.

नावांच्या बाबतीत मात्र सावध असावे. गुजरातेत ‘अरडूसी’ म्हणजे आपला अडुळसा. ‘अरडूसो’ म्हणजे महारूखाचा वृक्ष. त्याच वृक्षाला राजस्थानात ‘अरडू’ म्हणतात आणि त्याचा पाला शेळ्या आवडीने खातात. परप्रांतात केवळ नावावर विसंबून पाला आणू नये, झाड ओळखून आणावा.

कफ आणि खोकला यांवर पानांचा रस मधातून देण्याची रीत आपल्या घरोघरी होती. पानांतून रस सहज निघत नाही, म्हणून ती वाफवून पिळतात. वासावलेह हे आयुर्वेदातील प्रसिद्ध औषध याच झुडपाचे. यातील ‘वासिसीन’ या द्रव्याच्या अभ्यासातूनच पुढे ‘ब्रोमहेक्सिन’ हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, आणि ते आजही खोकल्याच्या अनेक औषधांत असते. आजीबाईंच्या बटव्याला प्रयोगशाळेने दिलेली ही पावतीच होय.

तथापि परंपरेचा अभिमान डोळस हवा. वासिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. गर्भवतीने अडुळसा पोटात घेऊ नये. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, किंवा थुंकीतून रक्त, ही काढ्याने निभावण्याची गोष्ट नाही. जुन्या ग्रंथांनी क्षयावर अडुळसा सांगितला, कारण तेव्हा हाताशी दुसरे फारसे काही नव्हते. आज थुंकीची तपासणी आहे आणि क्षय बरा करणारी औषधे आहेत. काढ्यापायी तपासणी लांबली, तर दोष अडुळशाचा नव्हे, आपला.

लागवड अगदी सोपी. पावसाळ्याच्या तोंडाशी जून फांदीचे तीन-चार पेरांचे, १५ ते २० सेंटीमीटर लांबीचे छाट घ्यावेत आणि निम्मे मातीत खोचावेत. पाणी साचू देऊ नये. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत तो रुजतो; मोठ्या कुंडीतही जगतो. वरचेवर छाटणी केली की दाट होतो.

आपली मुले परप्रांतात वाढली. त्यांची बोली बदलेल, आहार बदलेल. त्यास उपाय नाही. परंतु कोणते पान कशासाठी, आणि कोणत्या वेळी पान बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे, हे सांगणारे घरात कुणीतरी असले पाहिजे. मंडळाच्या आवारात यंदा अडुळशाची एक रांग लावावी आणि मुलांना तिची ओळख करून द्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.