ताटावर कोणाची नजर?



मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालो, गोदीत गोण्या वाहतो. आज कविता वाचणार नाही, भाकरीवर बोलतो.

शाळेत मी डब्याचं झाकण आडवं धरून जेवायचो. डब्यात सुकट. शेजारच्याच्या डब्यात तूप लावलेली पोळी. त्यानं एकदा नाक मुरडलं, बोलला काहीच नाही. त्यानंतर कित्येक दिवस मी डबा गटारात ओतला, साला, आणि उपाशी घरी गेलो. आई विचारायची, खाल्लंस का रे? मी हो म्हणायचो.

आता माझी धाकटी बहीण अर्धी भाकरी परत टोपल्यात ठेवते. हातात मोबाईल, त्यात कोणी गोरी, काडीसारखी पोरगी. गेल्या पावसाळ्यात ती नळाच्या रांगेत चक्कर येऊन पडली. आई म्हणाली, ‘आम्ही मिळत नव्हतं म्हणून पडायचो. ही मिळतंय तरी पडते.’

हे आपल्याच चाळीत घडतंय असं समजू नका. पॅसिफिक समुद्रात फिजी नावाची बेटं आहेत. तिथं भरलेलं अंग म्हणजे घरच्यांनी नीट सांभाळलेला माणूस, अशी जुनी समजूत. १९९५ साली तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधक बाईनं शाळेतल्या पोरींना विचारलं, बारीक व्हायला खाल्लेलं ओकून टाकता का? १९९५ साली एकही हो म्हणाली नाही. १९९८ साली पुन्हा त्याच वयाच्या पोरींना विचारलं, तर शंभरातल्या अकराजणी हो म्हणाल्या. तीन वर्षांत! एकट्या टीव्हीनंच केलं असं मी म्हणत नाही. पण मोजायची पट्टी बदलली, हे खरं.

आणि आपल्याला लावलेली पट्टी तर टीव्हीच्याही आधीची. काळं अंग, राठ हात, डब्याचा वास, सगळ्यावर शेरा तयार. फेअर अँड लव्हली १९७५ पासून बाजारात. २०२० साली नावातलं फेअर काढून ग्लो घातलं. धंदा तोच.

आम्ही पुरुष तरी कुठं सुटलोय? टोळीतली नवी पोरं पगार झाला की पावडरचा डबा आणतात. नटासारखी छाती पाहिजे. दिवसभर पन्नास किलोची गोणी वाहणारा स्वतःचा खांदा त्यांना खांदा वाटत नाही!

परवा रात्री सुकट होतं. बहिणीला मी मोबाईल ठेव म्हटलं नाही, मी सांगणारा कोण. गटाराची गोष्ट तेवढी सांगितली, आईसमोर, पहिल्यांदा. आई काही बोलली नाही. बहिणीनं पाऊण भाकरी खाल्ली.