गाठ आणि पाट

तापी खानदेशातून वाहत येते आणि सुरतेवरून पुढे समुद्रास मिळते. तिच्याच वाटेने आलेली कित्येक खानदेशी कुटुंबे आज उधना, लिंबायत या भागांत मागांवर राबत आहेत. मूळच्या या शेतकरी घरांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. नदी कितीही दुथडी भरून वाहो, पाट काढल्यावाचून दूरचे शेत भिजत नाही. काकरापारच्या बंधाऱ्यातून कालवे निघाले, तेव्हाच सुरत जिल्ह्यातील आडबाजूची शिवारे हिरवी झाली. गळ्यात वाढणाऱ्या गाठीचा न्यायही हाच आहे.

गळ्याच्या पुढील भागी, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड किंवा अवटु ग्रंथी असते. ती लहानशी खरी, परंतु आकाराच्या मानाने तिच्यातून फार रक्त खेळते. एके काळी तिच्यावरील शस्त्रक्रियेत रक्तस्रावानेच रोगी दगावत. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी हा स्राव काबूत आणला व १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गाठीला रक्त कोठून मिळते, या प्रश्नाचा धागाही याच ग्रंथीने दिला. १९६० च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत ज्यूडा फोकमन व फ्रेडरिक बेकर यांनी सशाची अवटु ग्रंथी शरीराबाहेर काचपात्रात जिवंत ठेवली आणि तीत कर्कपेशी सोडल्या. गाठी उगवल्या, पण एक-दोन मिलिमीटरच्या होऊन थांबल्या. त्याच गाठी जिवंत उंदरात ठेवताच भराभर वाढल्या. काचपात्रातील ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या, एवढाच काय तो फरक! १९७१ साली फोकमन यांनी सिद्धांत मांडला, की गाठ स्वतःसाठी रक्ताचे पाट काढते आणि ते अडविल्यास तिची वाढ रोखता येईल.

पाट काढण्याचा हुकूम सोडणारे एक प्रमुख प्रथिन १९८९ साली नेपोलिओने फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखून त्याला व्ही.ई.जी.एफ. हे नाव दिले. प्राणवायू कमी पडला की गाठीच्या पेशी ते स्रवतात. जवळच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्यामुळे नवे अंकुर फुटतात. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीचा टी.एस.एच. हा स्राव अवटु पेशींना वाढीस लावतो, तसाच या प्रथिनाच्या निर्मितीसही चालना देतो. आहारात आयोडीन कमी पडले की हा स्राव वाढतो आणि गळा सुजतो. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक रुग्णांना थायरॉक्सिनची गोळी देतात, ती केवळ उणीव भरून काढण्यासाठी नव्हे. टी.एस.एच.ला लगाम घालणे हाही तिचा हेतू असतो. बरे वाटू लागले म्हणून ती परस्पर बंद करणे घातक ठरू शकते.

किरणोत्सारी आयोडीनला दाद न देणाऱ्या कर्करोगासाठी २०१३ साली सोराफेनिब व २०१५ साली लेन्व्हाटिनिब या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. ती मुख्यतः या पाटांनाच बांध घालतात. त्यांनी रोगाची वाढ लांबते, पण मूळ सहसा उपटले जात नाही. शिवाय शरीरालाही आपले पाट हवेच असतात. म्हणून रक्तदाब वाढणे, जखम लवकर न भरणे असे त्रास होतात. कालांतराने गाठ दुसरी वाटही शोधते.

गळ्यातील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हे आधी ध्यानी घ्यावे. पण गाठ वाढत असेल, आवाज बसला असेल किंवा मानेच्या बाजूस दुसरी गाठ लागत असेल, तर मागाची पाळी बुडेल म्हणून तपासणी पुढे ढकलू नये. सोनोग्राफीने व बारीक सुईच्या तपासणीने पुष्कळसा उलगडा होतो. काही गाठींचा स्वभाव मात्र सुईलाही कळत नाही. त्यांनी स्वतःचे आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली आहे काय, हे गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच ठरते. रक्तवाहिनीत शिरलेली गाठ फुप्फुसांपर्यंत आणि हाडांपर्यंत पोहोचू शकते. पाट दूरवर जाण्यापूर्वी गाठ हाती लागली, तर बहुतेक रुग्ण बरे होऊन आपल्या कामावर परततात.