घर घ्यायचं, पण कोणत्या वस्तीत?

आम्ही शेगाव तालुक्यातल्या एका महिला बचत गटाच्या बाया. आज माईकवर आवाज एकीचा असला, तरी बोलणं सगळ्यांचं आहे. मागच्या दोन महिन्यांच्या बैठकांत बसून, भांडून, वहीत लिहून जे जमलं ते सांगतो.

विषय साधा आहे. आमच्यातल्या एका ताईला शेगावात घर घ्यायचं होतं. मुलगी अकरावीला गेली, गावातून जाणं-येणं करते, संध्याकाळची एसटी चुकली की घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. नवरा गाडीवर ड्रायव्हर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. अकरा वर्षांची बचत, थोडं सोनं आणि गटाचं कर्ज, एवढ्यावर हे घर होणार होतं. म्हणजे चूक झाली असती तर तिच्याबरोबर आमचाही पैसा गेला असता.

आणि आम्ही एकदा पोळलेल्या आहोत. चार वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एकीनं शहराबाहेर शेतातला प्लॉट घेतला. चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, कमान उभी होती, फलकावर बाग काढली होती. शंभरच्या स्टॅम्पवर लिहून दीड लाख दिले. पुढं कळलं, जमीन शेतीचीच आहे, लेआउट मंजूर नाही, खरेदी लागत नाही. दोन वर्षं हेलपाटे घातल्यावर निम्मे पैसे परत आले. म्हणून या वेळी आम्ही ठरवलं, ताई एकटी जाणार नाही. आम्ही पाचजणी बरोबर जाऊ.

पहिली बैठक झाली ती "चांगली वस्ती म्हणजे कोणती" यावरच. जिनं तिनं आपलं सांगितलं. एक म्हणाली, मंदिराजवळ घे. एक म्हणाली, खामगाव रोडला घे, तिकडं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, भाव वाढेल. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "आपल्या लोकाईत घे वो माय." तिघींचं म्हणणं आम्ही लिहून घेतलं आणि एकेक तपासायला निघालो.

आधी मंदिराजवळचं बघा. शेगाव हे श्री गजानन महाराजांचं गाव. 1878 साली महाराज इथं प्रकट झाले, 1910 साली ऋषिपंचमीला त्यांनी समाधी घेतली, आणि तेव्हापासून हे गाव भक्तांच्या पायांनी वाढत गेलं. गुरुवारी, रविवारी गर्दी. प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमीला तर पाय ठेवायला जागा नाही. पंढरपूरहून पालखी परत येते त्या दिवशी खामगाव ते शेगाव रस्ता माणसांनी भरून वाहतो. जिला खानावळ चालवायची, हारफुलं विकायची, खोली भाड्यानं द्यायची, तिला ही गर्दी म्हणजे पोटपाणी आहे. पण जिच्या मुलीला बारावीचा अभ्यास करायचा, घरात आजारी म्हातारं माणूस आहे, तिनं सणाच्या दिवशी तिथं एक दिवस काढून बघावं. गाडी दारापर्यंत येते का, रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर बाहेर पडता येतं का, हे त्याच दिवशी कळतं. शिवाय मंदिर परिसरात विकास आराखड्यातून रस्ते रुंद झाले, त्यात काही घरं, दुकानं गेली, वस्त्या हलल्या. म्हणून अशा ठिकाणी घर घेताना नगर परिषदेत जाऊन विचारायचं, विकास योजनेच्या नकाशात या जागेवर रस्ता किंवा आरक्षण दाखवलं आहे का. आणि उत्तर लेखी मागायचं.

आता पाणी. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण पाणी भरणार आपणच. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि आपला बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. जमिनीतलं पाणीच खारं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतल्या बायांना हे नव्यानं सांगायला नको. बोअर मारलं, पाणी लागलं म्हणून आनंद होतो, आणि त्या पाण्यात डाळ शिजत नाही. 2025 च्या सुरुवातीला आपल्या तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला होता. पुढं तपासण्या धान्यापर्यंत पोचल्या. पण तेव्हापासून आम्ही एक शिकलो, पाणी डोळ्यांनी बघून कळत नाही. घर घ्यायच्या आधी बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत तपासायला देता येतं. क्षार किती, नायट्रेट किती, ते कागदावर येतं.

खाऱ्या पाण्याचं आणखी एक आहे. बांधकामाला ते पाणी वापरलं की भिंतीला लोणा लागतो, प्लास्टर फुगून सुटतं, आतली सळई गंजते. म्हणून जुनं घर बघताना नवा रंग बघू नका. खाली बसा, जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत भिंतीवर हात फिरवा. पांढरी पूड हाताला लागली तर समजा.

दुसरी गोष्ट आपली काळी माती. कापसाला ती सोनं आहे, पण घराला त्रास. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया उथळ असेल तर दाराच्या वरच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर जाते. मोकळा प्लॉट बघत असाल तर शेजारी बांधलेल्यांना विचारा, मुरूम किती खोल लागला. पाया खोल न्यावा लागला तर स्वस्त प्लॉट महाग पडतो.

ताईला पसंत पडलेली पहिली जागा अशीच स्वस्त होती. मे महिन्यात बघितली तेव्हा टणटणीत रस्ता. शेजारच्या घरातल्या एका बाईंनी आम्हाला पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "आता छान दिसते वो बाई. आषाढात या अन् इथून चप्पल काढून दाखवा." आम्ही खरंच जूनच्या दुसऱ्या पावसानंतर गेलो. घोट्याच्या वर चिखल, नाली नाही, पाणी प्लॉटच्या मधोमध साचलेलं. मुलगी सायकल घेऊन कशी जाणार? ती जागा तिथंच सुटली.

पाण्याची वाट कुठून जाते हे आपल्याकडं विसरून चालत नाही. 22 जुलै 2023 ला संग्रामपूर, जळगाव जामोद भागात काय झालं ते आपण बघितलं आहे. एका दिवसात घरं, गुरं, माती वाहून गेली. तिकडं दूर ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफसारख्या शहरात घर घेणारी माणसं पत्त्याचा पिनकोड टाकून सरकारी संकेतस्थळावर पुराचा धोका बघतात, आणि आधीची घरं कितीला विकली गेली तेही बघतात. आपल्याकडं पुराचं असं एका बोटावर मिळत नसलं, तरी वस्तीतली सत्तर वर्षांची आजी मिळते. तिला विचारा, "आजी, मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" ती भिंतीवर हात ठेवून दाखवते.

म्हणून आमचा नियम झाला, जागा तीनदा बघायची. एकदा उन्हाळ्यात दुपारी, एकदा पावसानंतर, एकदा रात्री आठ-नऊ वाजता. रात्री गेलं की कळतं, खांबावर दिवे लागतात का, कोपऱ्यावर कोण बसतं, दारूचं दुकान किती जवळ, स्टेशनपासून किंवा एसटी स्टँडपासून पोरगी एकटी चालत येईल का. आणि चौकशी दलालाकडं करायची नाही, नळावरच्या बायांकडं करायची. नळ किती दिवसांनी येतो, घंटागाडी येते का, सरकारी दवाखाना किती दूर, रेशन दुकान कुठं, अंगणवाडी कुठं. अर्ध्या तासात वस्तीची सगळी कुंडली कळते.

आता कागदांचं. ही पाच कामं वहीत लिहून घ्या.

पहिलं, सातबारा. ऑनलाइन डिजिटल सहीचा 15 रुपयांत निघतो. मालक कोण, किती नावं आहेत, इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा आहे का, बघा. भोगवटादार वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. ई-क्लास म्हणजे सरकारी जमिनीवरचं घर कितीही छान असलं तरी ते विकत घेऊ नका, विकणाराच त्या जमिनीचा मालक नाही.

दुसरं, अकृषक म्हणजे एनए आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे विकण्यावर 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानं बंधनं घातली आहेत. अलीकडं त्यात सवलती आल्या, पण "आता सगळं चालतं" असं विकणारा म्हणाला तर त्याच्यावर न थांबता तहसील कार्यालयात विचारा. एनए नसलेल्या प्लॉटवर बँक घरकर्ज देत नाही. बँक नाही म्हणत असेल तर आपणही थांबावं.

तिसरं, नवा लेआउट किंवा नवी स्कीम 500 चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो संकेतस्थळावर टाकून बघा.

चौथं, घर ग्रामपंचायत हद्दीत असेल तर नमुना 8 चा उतारा दाखवतात. तो कर आकारणीचा कागद आहे. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. नगर परिषद हद्दीत मालमत्ता पत्रक किंवा जुनी खरेदीखतं मागा, आणि वकिलाकडून मागच्या 30 वर्षांचा शोध घ्या. वकिलाची फी जड वाटते, पण आमचे बुडालेले पैसे आठवले की हलकी वाटते.

पाचवं, खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलंच हवं. शंभराच्या स्टॅम्पवर घर आपलं होत नाही. इसार दिला तर तोही चेकनं किंवा बँकेतून द्या.

आणि ही आपल्या कामाची गोष्ट. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या किंवा बायांच्याच नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. नऊ लाखांच्या घरावर 9,000 रुपये वाचतात. पण ही सवलत राहत्या घराला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही, आणि नवऱ्याचं नाव जोडलं की मिळत नाही. घरी सांगताना आम्ही आधी 9,000 रुपये सांगितले, नाव कोणाचं ते नंतर. हसू नका, उपयोग झाला.

आता राहिलं सासूबाईंचं म्हणणं, आपल्या लोकांची वस्ती. यावर आमच्यात खरं भांडण झालं. काही म्हणाल्या, अडीअडचणीला आपलेच येतात. तेव्हा एकीनं विचारलं, "माझ्या बाळंतपणात रात्री दोन वाजता रिक्षा कोणी आणली होती?" सगळ्यांना माहीत होतं. ती माणसं जातीची नव्हती, धर्माचीही नव्हती, शेजारची होती. आणि आमच्यातल्या दोघींना शहरात खोली बघताना आडनाव विचारून परत पाठवलं होतं, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. बैठक बराच वेळ गप्प होती. ज्या वस्तीत आपल्यातल्या दोघींना दार बंद, तिला आम्ही चांगली वस्ती म्हणणार नाही, एवढं त्या दिवशी ठरलं.

शेवटी ताईनं घेतलं ते जुनं दोन खोल्यांचं घर, नगर परिषद हद्दीत, स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत. गल्ली अरुंद आहे. एका भिंतीला लोणा होता, तो दाखवूनच भाव चाळीस हजारांनी उतरवला. शेजारी सगळ्या जातीधर्माची माणसं आहेत. नळ आहे, नाली आहे, खांबावर दिवा लागतो. गटाचं कर्ज अजून तीन वर्षं फेडायचं आहे, ते काही सोपं नाही. पण खरेदीखतावर ताईचं एकटीचं नाव आहे. सासूबाई पहिले आठ दिवस रुसल्या होत्या. आता शेजारच्या आजींबरोबर ओट्यावर वाती वळत बसतात, आणि मुलगी साडेपाचला घरी येते.

आमची चौकशीची वही गटाकडं आहे. तुमच्या गटातली कोणी घर बघत असेल तर तिला एकटी पाठवू नका. पाचजणी जा, तीनदा जा, आणि इसार देण्याआधी ही वही एकदा वाचा.