पोराला कुणी सांगायचं?

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांविषयी बोललो. आज एका पुस्तकाविषयी बोलणार आहे. रेडिओ बंद करू नका, गोष्ट बैठकीतलीच आहे.

कल्याण तालुक्यात आमचा एक गट आहे. त्यातल्या एका ताईंचे मालक गेल्या पावसाळ्यात एका रात्रीत गेले. डोंबिवलीला कंपनीत कामाला होते. मुलगा चौथीत. त्याला झोपेतच उचलून शेजारी नेलं, टीव्ही लावून दिला. अग्नी चुलत्यानं दिला. पोराला सांगितलं, पप्पांना मोठ्या दवाखान्यात नेलंय. दिवस झाले, तेरावं झालं, तरी खरं कुणी सांगितलं नाही. आम्ही गटातल्या बायकांनी काय केलं? मृत्यूचा दाखला, बँकेचं खातं, विम्याचा फॉर्म, बालसंगोपन योजनेचा अर्ज. सगळं धावून केलं आणि ते करायलाच हवं होतं. पण पोराशी बोलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

तो रोज संध्याकाळी रिक्षा स्टँडवर जाऊन उभा राहायचा.

त्याच दिवसांत मी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून 'झुंबर' आणलं होतं. प्रकाश नारायण संतांचं. १८६४ सालचं वाचनालय आहे ते, आणि आपल्यासारखीनं आत जायला लाजायचं काही कारण नाही, हे जाता जाता सांगते. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' अशी ही चार पुस्तकं. आहेत कथा, पण ओळीनं वाचल्या की एकाच मुलाची कादंबरी होते. मुलाचं नाव लंपन. आईवडील बेळगावला, हा आजी-आजोबांकडे लहान गावात. बेळगावकडची कानडी मिसळलेली मराठी, शाळा, मित्र, गाणं, सुमी. वाचताना आपण हसत असतो. आणि 'झुंबर'मध्ये त्याचे वडील जातात. सगळं लंपनच सांगतो. मोठी माणसं आडून बघत नाहीत, त्याच्याच डोळ्यांनी आपण बघतो.

लेखकाची स्वतःची गोष्ट तशीच आहे. जन्म १९३७चा, वडील ना. मा. संत वारले १९४६ साली. म्हणजे नऊ वर्षांचं पोर. आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत. आपल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या 'मालनगाथा'मध्ये गोळा केल्या, त्याच त्या. नोकरी करून त्यांनी मुलं वाढवली. नवरा गेल्याचं दुःख त्यांच्या कवितेत आहे, ते महाराष्ट्राला ठाऊक होतं. मुलाच्या मनातलं पुस्तकात यायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. मला हे फार लागलं. एका घरात दोन दुःखं असतात, आणि आपण भेटायला जातो ते एकाच दुःखाला.

पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर मी त्यातली थोडी पानं वाचली. त्या ताई समोर बसल्या होत्या. वाचू की नको, असं दहादा मनात आलं. अर्ध्यावर त्या उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, चुकलंच माझं. गटाच्या अध्यक्षबाई तर डोळे वटारून बघत होत्या.

आठवड्यानं त्या स्वतःच आल्या. त्या रात्री दिवा मालवल्यावर मुलाला जवळ घेऊन म्हणाल्या होत्या, "पप्पा वारले रे." तो म्हणाला, "मला माहितेय. शाळेत पोरांनी सांगितलं. तू रडशील म्हणून बोललो नाय."

स्टँडवर कशाला जातोस मग, असं विचारलं, तर म्हणाला, तिथं पप्पांचे दोस्त उतरतात, ते पप्पांचं बोलतात.

मैत्रिणींनो, चार महिने ते पोर आईला सांभाळत होतं, आणि आम्ही म्हणत होतो, लहान आहे, त्याला काय कळतंय. येणारा-जाणारा वर सांगत होता, आता तूच घरातला कर्ता. नऊ वर्षांच्या पोराला!

मग त्यानं आईला एकच विचारलं, "पप्पांचा डबा कुठंय?" तो त्यांनी माळ्यावर ठेवून दिला होता, नजरेला पडू नये म्हणून. काढून दिला. झाकण सैल झालंय, रबर लावून शाळेत नेतो.

बैठकीत आता आम्ही 'वनवास' घेतलंय, पहिल्यापासून. त्या ताई म्हणाल्या, आधी हसायचं वाचू या. मुलालाही घेऊन येतात. तो मागं बसतो, आणि सुमी आली की पुढं सरकतो.