दुपारची शाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ऑनलाइन अभ्यासक्रमांवर बोलावयास सांगितले, तेव्हा मी त्यांना विचारले, "अहो, संगणकावर दिवसभर काम करणाऱ्या इतक्या मुली मंडळात असता हे काम माझ्याकडे का?" त्या म्हणाल्या, "मुली आपापल्या नोकरीतले कोर्स करतात. तुम्ही मात्र भलत्याच विषयात शिरलात. तेच आम्हाला ऐकायचे आहे." आता भलताच हे खरेच. मी २७ वर्षे माध्यमिक शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले, आणि निवृत्त झाल्यावर बारा आठवडे शिकले ते संख्याशास्त्र!

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडील आय. आय. टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली 'एनपीटेल' नावाचा उपक्रम सुरू केला. पुढे २०१७ साली केंद्र सरकारचे 'स्वयम्' आले. तेथे नाव नोंदवावे, व्याख्याने ऐकावी, दर आठवड्याचा गृहपाठ भरून पाठवावा. याला पैसा पडत नाही. परीक्षेला बसायचे असेल तर मात्र फी भरावी लागते आणि केंद्रावर जाऊन पेपर द्यावा लागतो. वयाची अट नाही. नाव नोंदवताना सूनबाईने मदत केली. पुढचे सारे माझे मी केले.

संख्याशास्त्रच का? वर्तमानपत्र वाचताना मला नेहमी एक टोचणी असे. अमुक टक्के, तमुक पट, सरासरी इतकी, असे रोज छापून येते. आपण ते देवाचा अंगारा घ्यावा तसे घेतो आणि पुढचे पान उलटतो. शब्दाचा अर्थ कळला नाही तर कोश उघडण्याची मला आयुष्यभराची सवय. मग आकड्यांनाच तेवढी सूट का द्यावी?

पहिले दोन आठवडे कठीण गेले, हे लपवीत नाही. व्याख्याने इंग्रजीत, शिकविणारे प्राध्यापक भराभर बोलणारे, आणि फळ्यावर सगळी ग्रीक अक्षरे. एक गृहपाठ पुरा करायला चार दुपारी लागल्या. परंतु गंमत अशी, की तेथे माझ्या मदतीला आले ते माझे व्याकरणच. सिग्मा हे चिन्ह दिसले की गणिताच्या मुलांना काय वाटते कोण जाणे; मला तो आज्ञार्थ वाटू लागला. 'पुढे लिहिलेले सगळे मिळवा,' एवढाच त्या अक्षराचा हुकूम! आणि ज्याला ते लोक सशर्त संभाव्यता म्हणतात, ते आपले जर-तरचे वाक्य. 'गाय असेल तर चार पाय असतील' हे खरे. म्हणून 'चार पाय असतील तर गाय असेल' हे काही खरे नव्हे. आठवीच्या वर्गात मी हे कित्येकदा सांगितले असेल. वाक्य उलटले की अर्थ उलटतो. या एका गोष्टीवर त्या अभ्यासक्रमातला एक अख्खा आठवडा उभा होता.

तो आठवडा संपून महिना झाला नसेल, तोच माझ्या नणंदेचा फोन आला. हे मी त्यांच्या परवानगीने सांगते आहे. त्या आज येथे बसल्याही आहेत. त्यांना काही त्रास नव्हता. नेहमीची म्हणून मॅमोग्राफी केली, तर अहवालात संशय दाखविला होता आणि पुढची तपासणी सांगितली होती. "वहिनी, मशीन दहांत नऊ वेळा बरोबर असते म्हणतात. म्हणजे मला झालेच की!" एवढे बोलून त्यांना पुढे बोलवेना. पुढच्या तपासणीला जायचेच नाही, जे व्हायचे ते होईल, इथपर्यंत त्यांचे आले होते.

मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटले, "वन्सं, मी डॉक्टर नव्हे. पण आमच्या व्याख्यानात एक उदाहरण होते, ते ऐका. आकडे उदाहरणातले आहेत, तुमच्या अहवालातले नाहीत." एक हजार बायका धरा. त्यांतल्या १० जणींना खरोखर रोग आहे. मशीन दहांत नऊ ओळखते, म्हणजे ९ सापडल्या. उरल्या ९९० निरोगी. त्यांतही शंभरात नऊ जणींवर मशीन उगाच संशय घेते. त्या झाल्या ८९. आता संशय आलेल्या एकूण बायका ९८, आणि खरा रोग असलेल्या त्यांत ९. 'रोग असेल तर मशीन दहांत नऊ वेळा सांगते' हे खरे. पण 'मशीनने सांगितले तर दहांत नऊ वेळा रोग असतो' हे त्यातून निघत नाही. येथे तर दहांत एकसुद्धा धड निघत नाही.

वन्सं हिशेबात मुळात पक्क्या. त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि बेरीज पुन्हा स्वतः करून पाहिली. मग म्हणाल्या, "म्हणजे संशय आला म्हणून पुढची तपासणी. रोग ठरला म्हणून नव्हे." मी म्हटले, "नेमके हेच. आणि त्या ९ जणींत आपण आहोत की ८९ जणींत, हे कळायला ती तपासणी केलीच पाहिजे." त्या आठवड्यात त्या जाऊन आल्या. गाठ साधी निघाली. ती तशी निघाली नसती तरी आमची बेरीज खोटी ठरली नसती आणि तपासणीला जाणेही वाया गेले नसते, हे कृपा करून ध्यानात घ्या; कारण नाहीतर उद्या कोणी माझ्या नावावर तपासण्या टाळायची!

आता, 'वेळ कोठून आणता?' हा प्रश्न. अमेरिकेतल्या बार्बरा ओकली नावाच्या बाईंचा एक अभ्यासक्रम ऑनलाइन आहे. कसे शिकावे, हाच त्याचा विषय. या बाई मूळच्या भाषेच्या. सैन्यात असताना रशियन शिकल्या आणि गणिताशी फारकत घेतलेल्या. वयाच्या सव्विसाव्या वर्षी गणित नव्याने शिकू लागल्या आणि पुढे इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक झाल्या. त्या एक साधी युक्ती सांगतात. घड्याळाला २५ मिनिटांचा गजर लावायचा, तोवर दुसऱ्या कशाकडेही पाहायचे नाही, मग थोडे उठायचे. तिला पोमोदोरो म्हणतात, म्हणजे इटालियन भाषेत टोमॅटो. कारण ज्याने ती काढली त्याच्याकडे टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ होते. फोन डब्याला टेकवून ठेवला आणि मागची आवराआवर झाली, की दुपारी अशा दोन खेपा सहज होतात.

एक मात्र बजावते. फुकट आहे म्हणून पाच-पाच ठिकाणी नावे नोंदवू नका. जगभर असे अभ्यासक्रम घेणाऱ्यांपैकी शंभरात दहाजणही ते पुरे करीत नाहीत. एकच घ्या आणि नुसती व्याख्याने ऐकत राहू नका. ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. गृहपाठाला बसले म्हणजे कळते. शिवाय आपल्या नोकरीधंद्यातला कोर्स बढतीसाठी करावा लागतो, त्याला माझी ना नाही. पण तेथे आपण थोडेफार जाणतेच असतो. जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते, तेथली मजा निराळी.

परीक्षेची गोष्टही विचारतात, म्हणून सांगते. गृहपाठाला २५ गुण आणि लेखी परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी पहिल्यात १० आणि दुसऱ्यात ३० लागतात. केंद्रावर सगळी कॉलेजची मुले. एकाने मला पाहताच उठून नमस्कार केला आणि विचारले, "मॅडम, पेपर केव्हा वाटणार?" मी माझे प्रवेशपत्र त्याला दाखविले, तेव्हा बिचारा लाजला, मग त्यानेच मला माझी जागा शोधून दिली. मी उत्तीर्ण झाले. प्रमाणपत्र कपाटात आहे. वही मात्र वन्सं घेऊन गेल्या आहेत, ती अजून परत आलेली नाही.

स्वयम्‌ची सत्रे बहुधा जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. अध्यक्षबाईंनी मंडळाची खोली दर गुरुवारी दुपारी तीन ते चार द्यायचे कबूल केले आहे. विषय जिचा तिने निवडावा, फक्त आपल्या कामाचा नको. जिला जोडीदारीण हवी असेल तिने चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे. येताना वही आणावी, कागदाची.