मुलाच्या ताटावरची उधारी

(एका व्याख्यानाचा संपादित अंश)



आपल्यापैकी अनेकांची नातवंडे आज अमेरिकेत शिकतात. तेथील शाळांच्या भोजनगृहात घडणारा एक प्रसंग मात्र क्वचितच आपल्या कानी येतो. मूल रांगेत उभे राहते, ताट घेते आणि हिशेबाच्या यंत्रापाशी कळते, की त्याच्या खात्यात पैसे नाहीत. २०१४ साली यूटा राज्याच्या राजधानीतील एका प्राथमिक शाळेत अशा कित्येक मुलांच्या हातांतील ताटे काढून घेतली गेली. एकदा वाढलेले अन्न दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून ते चक्क कचऱ्यात टाकले! अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या आपल्या मनाला हे ऐकवत नाही.

तेथे शालेय भोजनाचा राष्ट्रीय कायदा १९४६ पासून आहे. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलाला जेवण विनामूल्य, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत, म्हणजे दुपारच्या जेवणाला फार तर ४० सेंट. त्यापुढे पूर्ण दर. तेव्हा उधारी चढते ती बहुधा रेषेच्या किंचित वर असलेल्या कष्टकऱ्याच्या नावावर, किंवा संकोचाने, भाषेच्या अडचणीने अर्जच न भरणाऱ्याच्या नावावर. ही थकबाकी बुडाली, तर केंद्राच्या भोजननिधीतून ती भागवता येत नाही. शाळांना दुसरीकडून पैसा उभा करावा लागतो. वसुलीचा तगादा मुलापर्यंत पोहोचतो तो यामुळे.

कोणी विचारील, आईबापांनी पैसे भरू नयेत काय? अवश्य भरावेत. परंतु ऋण बापाचे आहे, भूक मुलाची आहे. न्यू मेक्सिको राज्याने २०१७ साली हा भेद प्रथम कायद्यात आणला: मागणी पालकांकडे करा, मुलाचे ताट अडवू नका.

दानशूरांचे काय? मिनेसोटातील सेंट पॉल येथे फिलांडो कॅस्टिल नावाचा शालेय भोजनगृहाचा पर्यवेक्षक होता. २०१६ साली पोलिसाच्या गोळीने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या स्मरणार्थ लोकांनी निधी जमवला आणि २०१८ पर्यंत त्या शहरातील शाळांची सारी भोजन-थकबाकी फेडली. त्या दात्यांना माझे वंदन. पण नियम तेच राहिले, की नवे खाते पुन्हा भरू लागते. अखेर २०२३ साली त्याच राज्याने सर्व विद्यार्थ्यांची न्याहारी व दुपारचे जेवण विनामूल्य केले.

श्रीमंतांच्या मुलांनाही फुकट कशाला, हा आक्षेप मला अगदीच गैर वाटत नाही. मधला मार्गही आहे. शासकीय साहाय्याच्या याद्यांत ठरावीक प्रमाणात मुले आधीच असतील, तर ती शाळा अर्ज न मागता सर्वांना जेवू घालू शकते. ही अट २०२३ मध्ये ४० टक्क्यांवरून २५ वर आली. मात्र तुटीचा भार स्थानिक मंडळावर पडतो, म्हणून अनेक शाळा मागे राहतात. माझ्या मते सर्वांत आधी ते ४० सेंट सरकारने उचलावेत. एवढ्याशा रकमेसाठी खातेवही ठेवायची आणि लेकराला रांगेत ओशाळवायचे, यात राज्यकारभाराचे कोणते शहाणपण?

तोवर आपले जे आप्त तेथे आहेत, त्यांनी आपल्या वस्तीतील नवागत कुटुंबांना शाळा सुरू होताना तो अर्ज भरायला बसवावे. कोणाला सवलत आहे, हे इतर मुलांना कळू द्यायचे नाही, असा तेथील नियमच आहे. हे त्या आईला आधी सांगा. मग लेखणी हातात द्या.